ब्राउझरचं जे व्हर्जन अजून आलंच नाही त्यात चालेल अशी साइट कशी बनवायची?

टॉवेलगल्ली (धागा सुरू करणारा), सोमवार रात्री १०.४८

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एकटाच वेबसाइटची कामं करतो, गिऱ्हाईक बहुतेक चादर टॉवेलवाले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदारांना मी ऑर्डर फॉर्म करून दिलेला, म्हणजे बाहेरगावचा व्यापारी मोबाइलवरून किती डझन ते टाकतो, रंग निवडतो, टॉवेलवर नाव घालायचं असेल तर नाव लिहितो (नावाला अक्षरामागं वेगळा दर आहे) आणि खाली एकूण रक्कम येते. तीन वर्षं फॉर्म नीट चालला, मी हात लावला नाही, त्यांनीपण नाही. आणि एक दिवस सकाळी फोन, की रक्कम शून्य येतीय. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायचे दिवस होते, व्यापारी फोन करून विचारायला लागले की माल फुकट देताय का. मी रात्रभर बसून ‘हिशोब करा’ असं एक बटण टाकलं आणि वेळ मारून नेली. पण मालक मला जे बोलले ते डोक्यातून जाईना. म्हणाले, "माग घेतला की वर्षानुवर्षं चालतो, तेलपाणी बघितलं की झालं. तुमची साइट कुणी हात न लावता कशी काय बिघडते? आणि पुढच्या वर्षी परत बिघडणार का?"

मला उत्तर देता आलं नाही. ब्राउझर दर महिन्याला नवा येतोय, पुढच्या वर्षीचा ब्राउझर आज माझ्याकडं नाही, मग त्यात चालेल याची खात्री आज कशी द्यायची? जाणकारांनी सांगा, मला खरंच शिकायचंय.

सातरस्ता, सोमवार रात्री ११.०५

कॅनरी टाक की बे मशीनवर. क्रोमची चार रूपं असतात, स्टेबल (सगळ्यांना मिळतं ते), आणि त्याच्या आधीची कच्ची, बीटा, डेव्ह आणि कॅनरी. कॅनरी जवळजवळ रोज नवी येते. फायरफॉक्सची नाइटली आहे, मॅकवाल्यांना सफारी टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू २०१६ पासून मिळतोय. न आलेला ब्राउझर म्हणालास ना, तो अर्धाकच्चा का होईना आलेलाच असतो.

कडकभाकरी, सोमवार रात्री ११.२०

माझं मत सोपं आहे, ऑटो अपडेट बंद करून टाका. आमच्या ऑफिसात तेच केलंय, दोन वर्षं झाली काही त्रास नाही. चालणारी गाडी कशाला सारखी खोलायची?

भुईकोट, मंगळवार सकाळी ७.३२

टॉवेलगल्ली, उपाय नंतर बघू, आधी तुटलं काय ते तर सांगा. ब्राउझर अपडेट झाला आणि साइट बिघडली हे म्हणजे ताप आला म्हटल्यासारखं झालं, ताप कशाचा ते बघायला नको का? फॉर्ममधे रक्कम मोजायचं काम नेमकं कशावर अवलंबून होतं? कन्सोल (ब्राउझर चुका आणि इशारे लिहून दाखवतो ती खिडकी) उघडा, काय लिहून येतंय ते इथं टाका.

टॉवेलगल्ली, मंगळवार दुपारी १.१५

सर, सापडलं. रक्कम मोजायला मी एक जुना जेक्वेरी प्लगइन (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) घेतला होता. यादीत नवीन ओळ आली की त्याला कळायचं आणि तो बेरीज करायचा. आत ‘डीओएमनोडइन्सर्टेड’ नावाच्या इव्हेंटवर (पानात काही नवं आलं की ब्राउझर देतो त्या हाकेवर) तो कान लावून बसलाय. आता तो इव्हेंट कधी येतच नाही. एररपण नाही, नुसती शांतता.

भुईकोट, मंगळवार रात्री ९.४०

मला तेच वाटलं होतं. याला म्युटेशन इव्हेंट म्हणतात. पानात काही बदललं की ब्राउझरनं हातातलं काम तिथल्या तिथं थांबवून सगळ्यांना कळवायचं अशी ती पद्धत, त्यामुळं पान फार हळू व्हायचं आणि ब्राउझरच्या आत गोंधळ व्हायचे. २०११ लाच स्पेसिफिकेशनमधे लिहिलं गेलं की हे वापरू नका. त्याच्या बदली म्युटेशन ऑब्झर्व्हर आला, तो क्रोममधे २०१२ पासून आहे. आणि जुनी गोष्ट प्रत्यक्षात काढली कधी, तर क्रोम १२७ मधे, जुलै २०२४ ला. म्हणजे नको म्हटल्यापासून काढून टाकेपर्यंत तेरा वर्षं गेली बघा. तुमचा प्लगइन घेतला तेव्हाच तो म्हातारा होता. तुम्हाला दुखवायला नाही म्हणत, पण मालकांना उत्तर द्यायचं असेल तर हे धरून द्यायला लागेल की ब्राउझर एका रात्रीत काही मोडत नाही, आधी सांगतो, बरीच वर्षं सांगतो, आणि ऐकणारं कुणी नसतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो. पंचवीसेक वर्षं हेच काम केलंय, मी बघितलेल्या साइट ज्या पुढच्या ब्राउझरमधे पडल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच कारणानं पडल्या, ते म्हणजे साइटनं ब्राउझरला नाव विचारलं. ‘तू कोण? व्हर्जन कितवं?’ आणि त्या उत्तरावर ठरवलं की याला काय जमतं. ज्यानं हे लिहिलं त्याच्यापुढं त्या दिवशीचे ब्राउझर होते, पुढं येणाऱ्याबद्दल त्यानं अंदाज केला, आणि तो अंदाज चुकला.

उदाहरण देतो. २००९ ला ऑपेरा १० यायचा होता. तोवर सगळ्या ब्राउझरांची व्हर्जनं एक आकडी, म्हणून कित्येक साइट फक्त पहिला आकडा वाचायच्या. चाचणीतच दिसलं की १० मधला १ वाचून साइट म्हणतायत, हा तर फार जुना ब्राउझर, चालता हो. शेवटी ऑपेरानं आपल्या ओळखीच्या ओळीत कायमचं ९.८० लिहिलं आणि खरं १०.०० शेवटी वेगळं टाकलं. नवीन ब्राउझरला स्वतःचं वय लपवायला लागलं, फक्त आपल्यासारख्यांनी लिहिलेल्या एका ओळीपायी.

माणसं शिकली का? नाही. २०२२ ला क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही १०० ला पोचणार होते, क्रोम मार्चमधे, फायरफॉक्स मे मधे. परत तोच प्रश्न, दोन आकडे वाचणाऱ्या साइटना १०० म्हणजे १० दिसणार. पण यावेळी दोघांनी आधीच तयारी केली. ९६ व्या व्हर्जनपासून क्रोममधे एक स्विच दिला, तो चालू केला की ब्राउझर आत्ताच स्वतःला १०० म्हणवायचा. फायरफॉक्सच्या नाइटलीनंपण तसाच प्रयोग केला. आणि फारच तुटलं तर ९९ वर गोठवून ठेवायचा बेतपण तयार होता, तो वापरायची वेळ आली नाही. तुम्ही विचारलंत ना न आलेल्या व्हर्जनमधे कसं तपासायचं, इथं ब्राउझरवाल्यांनीच ती सोय करून दिली होती.

आणि आता तर नाव विचारून खरं उत्तर मिळतच नाही. मॅकचं ११ वं व्हर्जन २०२० ला आलं तरी तिथले ब्राउझर आजपण १०.१५ च सांगतात. विंडोज ११ वर ‘एनटी १०.०’ येतं. अँड्रॉइडवरचा क्रोम फोन कुठलाही असो ‘अँड्रॉइड १०’ आणि मॉडेलच्या जागी नुसतं ‘के’ सांगतो. तुमच्या व्यापाऱ्याच्या हातात काल घेतलेला फोन असो नाहीतर पाच वर्षं जुना, ओळ तीच.

म्हणून नाव विचारायचं नाही, काम विचारायचं. ‘तुला लोकेशन सांगता येतं का?’ येत असलं तर बटण दाखवा, नसलं तर गाव टाइप करायची जागा द्या. सीएसएसमधे (पान कसं दिसावं ते लिहायच्या भाषेत) हेच ‘ॲट सपोर्ट्स’नं विचारता येतं. दहा वर्षांनी येणारा ब्राउझरपण या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देईल, तुम्हाला त्याचं नाव माहीत असायची गरज नाही.

होटगीरोड, मंगळवार रात्री १०.२५

भुईकोट सर, फार छान सांगितलंत. मी टेस्टिंगमधे आहे, कंपनी पुण्याची पण काम घरून सोलापुरातनं. माझा रोजचा अनुभव सांगते.

कॅनरी एकट्या माणसानं रोज बघण्यात अर्थ नाही, कारण ती स्वतःच कधीकधी पडते आणि मग चूक आपली का तिची हे शोधण्यात दिवस जातो. बीटा बघा. क्रोम २०२१ च्या सप्टेंबरपासून, म्हणजे ९४ पासून, दर चार आठवड्यांनी येतो (त्याआधी सहा होते) आणि स्टेबल यायच्या आधी तेच व्हर्जन साधारण महिनाभर बीटात असतं. म्हणजे तुम्हाला महिनाभराची नोटीस मिळतेच मिळते. माझ्या मशीनवर बीटा आणि फायरफॉक्स डेव्हलपर एडिशन शेजारी शेजारी आहेत, ते स्टेबलच्या अंगावर बसत नाहीत, वेगळे राहतात.

दुसरं म्हणजे कन्सोलमधला पिवळा मजकूर वाचा हो. लाल सगळे वाचतात. पिवळ्यात लिहिलेलं असतं की ही गोष्ट पुढं काढली जाणार आहे, कधी कधी कितव्या व्हर्जनला ते पण असतं. टॉवेलगल्ली, तुमच्या म्युटेशन इव्हेंटचा इशारा तिथं बरेच महिने येत होता. तुम्ही फॉर्म उघडून बघितलाच नाही तर तो दिसणार कसा. तीन वर्षं हात लावला नाही हे तुम्ही चांगलं म्हणून लिहिलंय, मला ती वाक्यं वाचून काळजी वाटली.

कडकभाकरी, बुधवार सकाळी ८.१०

एवढं सगळं करण्यापेक्षा माझा मुद्दा कुणी खोडला नाही. अपडेट बंद ठेवला की व्हर्जन बदलतच नाही, प्रश्नच मिटला.

भुईकोट, बुधवार सकाळी ८.५५

कडकभाकरी, ऑफिसातली दहा मशीन तुमच्या हातात आहेत म्हणून तुम्हाला जमलं. यांच्या फॉर्मवर येणारा लातूरचा, विजापूरचा, हैदराबादचा व्यापारी, त्याचा मोबाइल यांच्या हातात कसा येणार? आणि तुमच्या मशीनचंच बोलायचं तर जुना ब्राउझर म्हणजे माहीत झालेली भोकं उघडी ठेवणं, त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करत असणार. शिवाय तुम्ही थांबलात तरी समोरचं जग थांबत नाही. टीएलएसची (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवायच्या पद्धतीची) १.० आणि १.१ ही जुनी व्हर्जनं २०२० मधे मोठ्या ब्राउझरांनी बंद केली, सर्व्हरवालेपण जुनं बंद करत चाललेत, म्हणजे एक दिवस तुमचा थांबवलेला ब्राउझर साइट उघडायलाच नाही म्हणेल.

हा थांबवून ठेवायचा प्रयोग मोठ्या पातळीवर झालेला आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ८ आला २००९ ला, त्यात एक टॅग होता, त्यात लिहायचं की माझं पान ७ सारखं दाखव. त्यावेळी मलापण ती सोय वाटली होती. पुढं काय झालं, सगळ्यांनी ती ओळ टाकून काम सोडून दिलं, कुणी दुरुस्त केलंच नाही, आणि जून २०२२ मधे इंटरनेट एक्सप्लोरर ११ बंद झाला तेव्हा त्या कोडाचं ओझं तसंच्या तसं शिल्लक. आजपण एजमधे त्यासाठी वेगळा आयई मोड ठेवायला लागलाय. थांबवल्यानं दुरुस्ती टळत नाही, पुढं ढकलली जाते आणि तोवर ती लिहिणारा माणूस निघून गेलेला असतो.

कडकभाकरी, बुधवार सकाळी ९.३०

व्यापाऱ्यांच्या मोबाइलचं पटलं. आमच्या ऑफिसचं मी परत विचार करतो, बँकेचं काम त्याच मशीनवर होतंय हे खरं आहे.

नवीपेठ, बुधवार दुपारी ३.०५

मी ऑनलाइन पेमेंट जोडायची कामं करते. वर सरांनी म्हटलं की ब्राउझर सहसा जुनं मोडत नाही, ते खरंच आहे, पण एक बाजू अशी आहे की तिथं मुद्दाम मोडतात, ती म्हणजे सुरक्षा. फ्लॅश डिसेंबर २०२० अखेर बंद झालं, जावा ॲपलेट त्याच्याही आधी गेले, आणि २०१८ च्या जुलैपासून साध्या एचटीटीपी साइटवर क्रोम ‘सुरक्षित नाही’ लिहायला लागला.

मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो सेमसाइट कुकीनं. कुकी म्हणजे माणूस ओळखायला साइट ब्राउझरमधे ठेवते ती चिठ्ठी, आणि बाहेरच्या साइटवरून आलं तर ती पाठवायची का ते सेमसाइट ठरवतं. फेब्रुवारी २०२०, क्रोम ८०. तोवर दुसऱ्या साइटवरून कुणी तुमच्याकडं आलं तरी तुमची कुकी बरोबर यायची. आता न सांगता दिलेली कुकी ‘लॅक्स’ धरली जाणार, म्हणजे बाहेरच्या साइटवरून पोस्टनं (फॉर्म पाठवल्यासारखं) परत आलं तर ती येणारच नाही. आणि पेमेंटमधे नेमकं तेच असतं. गिऱ्हाईक आपल्या साइटवरून बँकेच्या पानावर जातो, ओटीपी टाकतो, आणि बँकेकडून पोस्टनं परत येतो. परत आल्यावर साइट म्हणते तुम्ही कोण, लॉगिन करा. पैसे गेले आणि ऑर्डर दिसेना, माणूस घाबरणारच. नवीन कुकीला दोन मिनिटांची सूट ठेवली होती, म्हणून आमच्या ऑफिसात टेस्ट करताना सगळं पास व्हायचं, कारण आम्ही भराभर ओटीपी टाकायचो. खरा माणूस चष्मा शोधतो, मेसेजची वाट बघतो, दोन मिनिटं कधीच होऊन गेलेली. हे समजायला आम्हाला तीन दिवस लागले. पुढं कोरोनामुळं एप्रिलमधे क्रोमनं तो बदल तात्पुरता मागं घेतला आणि जुलैत परत सुरू केला, त्या मधल्या काळात आम्ही सगळ्या कुकींवर काय हवं ते स्पष्ट लिहून काढलं.

त्यातून एकच शिकले, ब्राउझर न सांगता जे गृहीत धरतो त्यावर बसायचं नाही. कुकी कशी हवी, फाइल कुठल्या प्रकारची आहे, पानाचं एन्कोडिंग काय, सगळं आपणहून लिहायचं. गृहीत धरणं बदलू शकतं, लिहिलेलं सहसा बदलत नाही.

आणि भुईकोट सरांना एक प्रश्न. तेव्हा आयफोनच्या आयओएस १२ वरच्या सफारीत चूक होती, ‘सेमसाइट नन’ (बाहेरून आलं तरी कुकी पाठव) लिहिलं की तो त्याचा उलटा अर्थ घ्यायचा. तिथं आम्हाला नाव विचारल्याशिवाय मार्गच नव्हता. मग ते चूक का?

भुईकोट, बुधवार रात्री ९.१५

ताई, चूक नाही. तुम्ही विचारलंत ते आलेल्या आणि संपलेल्या व्हर्जनचं. आयओएस १२ आता बदलणार नाही, त्याची चूक ठरलेली आहे, यादी बंद आहे. त्याला ओळखून वेगळं वाढलं तर पुढं येणाऱ्या कुणाला त्रास नाही. त्रास होतो ‘१२ आणि त्यापुढचे सगळे’ असं लिहिल्यावर, कारण ‘त्यापुढचे’ म्हणजे कोण ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. अनोळखी ब्राउझर आला तर त्याला चांगली, पूर्ण साइट द्यायची, जुन्याची वागणूक द्यायची नाही. एवढं एक पाळलं तरी बरंच काम होतं.

अक्षरजुळणी, गुरुवार सकाळी ११.४०

मी कोर्टाजवळ टायपिंगचं आणि डीटीपीचं काम करायचो, आता मुलगा बघतो. कोडिंग मला येत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही, कारण मराठीनं हे सगळं आपल्याआधी भोगलंय.

२००० च्या आसपास मराठी साइट असायच्या त्यात अक्षर खरं मराठी नसायचंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेले फॉन्ट, आणि ते ब्राउझरनं आपोआप ओढून घ्यावेत म्हणून इंटरनेट एक्सप्लोररला एक फाइल, नेटस्केपला दुसरी. एकाची दुसऱ्यात चालत नव्हती. पुढं नेटस्केप ६ आला त्यात ती दुसरी सोय निघूनच गेली, आणि फायरफॉक्स आला तेव्हा ती साइट उघडली की डॉलर, टक्के, कंस, अशी रांगच्या रांग दिसायची. मजकूर होता तिथंच होता, पण वाचणारा उरला नव्हता. माझ्या वडिलांवर आलेला एक लेख असाच एका साइटवर होता, तो मला आजपर्यंत परत वाचता आलेला नाही.

तेव्हाच युनिकोड (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) होतं, देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ज्या थोड्या लोकांनी त्या काळात कष्ट घेऊन युनिकोडमधे टाइप केलं, त्यांचं लिखाण आज मोबाइलवर, कशावरपण दिसतं. त्यांना मोबाइलचा ब्राउझर माहीत होता का? नव्हता. पण त्यांनी ‘क’ म्हणून क च लिहिला होता.

म्हणून मुलाला सांगतो, पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं लिही, ‘लँग’ला ‘एमआर’. चांगल्या फॉन्टमधे त्यानं आपला श आणि ल मराठी वळणाचा येतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरपण त्यावरून भाषा ओळखतं. त्याला आज सगळीकडं फरक दिसत नाही, पण खरं आहे ते लिहून ठेवावं.

टॉवेलगल्ली, गुरुवार दुपारी २.२०

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आणि लगेच माझ्याच फॉर्ममधलं एक आठवलं. टॉवेलवर नाव घालायला अक्षरामागं दर आहे म्हणालो ना, ती अक्षरं मी कशी मोजलीत ते आत्ता बघितलं. ‘स्त्री’ लिहिलं की माझा कोड ६ मोजतोय!

होटगीरोड, गुरुवार दुपारी २.५०

कारण तुम्ही लेंग्थ घेतलीय. त्यात स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी असे सहा तुकडे आहेत. बचत गटाचं नाव असेल तर बिचाऱ्यांना दुप्पट पैसे लागले असतील.

यासाठी ‘इंटल सेगमेंटर’ आहे, तो डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजतो. क्रोममधे आधीपासून, फायरफॉक्समधे १२५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४. पण थांबा, धाग्याचा विषय इथंच आहे. युनिकोडच्या जुन्या नियमानं ‘स्त्री’चे तीन तुकडे पडायचे, स्, त्, री. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम बदलला, देवनागरी जोडाक्षर मधे तोडायचं नाही, म्हणजे ‘स्त्री’ एक. ब्राउझर जसजसा नवा नियम उचलेल तसं त्याचं उत्तर बदलणार. तुमच्या कोडात काही न बदलता बिल बदललं असं होईल.

टॉवेलगल्ली, गुरुवार दुपारी ३.१०

म्हणजे सहा, तीन का एक? मी काय धरू?

होटगीरोड, गुरुवार दुपारी ३.३०

ते ब्राउझरला विचारूच नका, कारखान्यात विचारा. सुईवाला ‘स्त्री’ला किती अक्षरं धरतो? जो त्याचा नियम तो सर्व्हरवर लिहा, आणि पैसे तिथंच मोजा. ब्राउझरमधली रक्कम फक्त दाखवायला. कुठल्या ब्राउझरनं काही का मोजेना, बिल एकच राहील.

असंच तारखांचं. आयसीयू म्हणून तारखा, आकडे भाषेप्रमाणे लिहून देणारी लायब्ररी आहे, ब्राउझर तीच वापरतात. तिच्या ७२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेत एएम पीएमच्या आधीची साधी जागा बदलून एक बारीक, न तुटणारी जागा आली. डोळ्याला काही फरक दिसत नाही, पण ती ओळ तोडून परत वेळ काढणारे कोड पडले. क्रोम ११० मधे तो बदल आला आणि इतकं तुटलं की क्रोमला जुनी जागा परत ठेवायला लागली. आपल्या ‘एमआर आयएन’मधे (भारतातली मराठी) आकडे देवनागरीत येतात, १२५० छान दिसतो, पण दाखवलेला मजकूर उचलून परत आकडा करायला गेलात तर हातात काही लागत नाही. माणसाला दाखवायचं ते वेगळं ठेवा, हिशोबाचं वेगळं.

सातरस्ता, गुरुवार रात्री ८.४५

आणि एक राहिलं, ब्राउझरच्या सामानात आपलं सामान कोंबू नका. २०१८ ला जावास्क्रिप्टच्या ॲरेमधे (म्हणजे यादीत) ‘फ्लॅटन’ नावाची सोय येणार होती. मार्चमधे फायरफॉक्स नाइटलीत टाकून बघितली तर एक साइट पडली. कारण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीनं त्याच नावाची स्वतःची सोय ॲरेत आधीच चिकटवून ठेवलेली, आणि ती वापरणाऱ्या साइट अजून जिवंत होत्या. शेवटी नाव बदलून ‘फ्लॅट’ केलं. सगळ्या जगाला नाव बदलायला लागलं, पण जुन्या साइट पडू दिल्या नाहीत. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटला खरं सांगतो, कारण त्या साइटचे मालक कोण हे त्यांना माहीतपण नव्हतं.

जेकार्ड, शुक्रवार सकाळी १०.१०

आमचा चादरीचा कारखाना आहे (धाग्यातला तो नाही, दुसरा). मालकांनी माग वर्षानुवर्षं चालतो म्हटलंय त्यावर बोलते. माग चालतो, पण डिझाइनचे पुठ्ठे चालत नाहीत. आमच्याकडं आजोबांच्या काळातले भोकं पाडलेले पुठ्ठे पोत्यानं पडलेत, ते त्याच जेकार्डसाठी (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्रासाठी) पाडलेले, त्याचे हूक बदलले की ते पुठ्ठे बिनकामाचे. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड घेतलं तेव्हा तर एकपण लागला नाही. पण आजोबांनी चौकटीच्या कागदावर रंगवून ठेवलेली मूळ चित्रं होती, ती बघून तीच चादर आम्ही नव्या मागावर काढली, वेल तोच, मोर तोच. ज्या डिझाइनचा कागद हरवला आणि नुसते पुठ्ठे राहिले, ते डिझाइन गेलंच म्हणायचं. तुमच्या मालकांना असं सांगून बघा, त्यांना लगेच कळेल.

टॉवेलगल्ली, रविवार संध्याकाळी ६.३०

मंडळी, शनिवार रविवार बसलो. जुना प्लगइन काढला, बेरीज आता साध्या इनपुट इव्हेंटवर होते, प्लगइनची गरजच नव्हती. नाव विचारणाऱ्या दोन ओळी सापडल्या, दोन्ही काढल्या. कुकी सगळ्या स्पष्ट लिहिल्या. पानाला मराठी लावली, श खरंच बदलला काका, मी मोठा करून बघितला.

कारखान्यात जाऊन नाव घालणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या स्त्री म्हणजे एकच अक्षर, पण जोडाक्षर म्हणून दीड धरतो. असा नियम मला कुठल्याच लायब्ररीत मिळाला नसता. तो आता सर्व्हरवर आहे. ज्यांना जास्त लागले त्यांची यादी मालकांना दिली, ते पुढच्या बिलात वळते करतो म्हणाले.

मालकांना जेकार्डताईंचं पुठ्ठ्यांचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, वर्षाला तेलपाण्याचं किती घेशील? दर महिन्याला एकदा बीटात पूर्ण ऑर्डर टाकून बघायची असं ठरलंय, गड्ड्याच्या जत्रेच्या आधी आणि दिवाळीच्या आधी दोनदा.

होटगीरोड, रविवार रात्री ९.००

पहिली ऑर्डर टाकून बघितलीत का बीटात? पिवळं काय आलं?

टॉवेलगल्ली, रविवार रात्री ९.४०

टाकली. रक्कम बरोबर आली. पिवळ्याचं म्हणाल तर अर्धवट भरलेली ऑर्डर मी पान बंद होताना ‘अनलोड’वर सेव्ह करत होतो, ते पुढं जाणार आहे असं दिसलं, आणि वाचलं तर मोबाइलवर तो इव्हेंट आजपण भरवशाचा नाही. म्हणजे व्यापाऱ्यांच्या अर्धवट ऑर्डरी आत्तापण हरवत असणार. ‘पेजहाइड’ लावायलोय, झालं की इथं टाकतो.